काटकसरीचा काऊबॉय: रँडॉल्फ स्कॉट यांच्या पाच चित्रपटांचा संच

क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी संस्थेने २०२३ साली प्रकाशित केलेला ‘द रॅनाऊन वेस्टर्न्स’ हा पाच काऊबॉयपटांचा संच गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून येताना बॅगेत घालून आणला. एरंडवण्यातल्या आमच्या घरी तो सवडीसवडीने, काही चित्रपट दोनदा तर एक तीनदा, पाहून झाला, तेव्हा त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. खोक्यावर दिग्दर्शक बड बेटिकर यांचे नाव ठळक आहे आणि समीक्षकांच्या जगात हे पाच चित्रपट बेटिकर यांचेच म्हणून ओळखले जातात. मी मात्र हा संच रँडॉल्फ स्कॉट या नटासाठी मागवला, आणि ज्याला तो घ्यायचा असेल त्याने त्याच कारणासाठी घ्यावा असे माझे मत आहे.

आधी व्यवहाराचे बोलतो, कारण या संचाच्या बाबतीत तिथेच फसगत होण्याचा संभव जास्त आहे. भाच्याला सांगण्यापूर्वी मी तो एका आयातदारामार्फत मागवला होता. सीमाशुल्क भरून, दीड महिना वाट पाहून हाती आले ते कोपरा चेपलेले खोके, आणि आत एक तबकडी खोबणीतून सुटून चरे पडलेली. ते परत करण्यात आणखी एक महिना गेला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संच दोन प्रकारांत मिळतो. एकात फक्त ब्लू-रे तबकड्या आहेत. दुसऱ्यात चित्रपटांच्या तीन ४के, म्हणजे ब्लू-रेहून अधिक बारकाव्याचे चित्र देणाऱ्या, तबकड्या आणि त्यांच्या जोडीला तीन ब्लू-रे तबकड्या आहेत. ४के तबकड्यांना प्रदेशाचे बंधन, म्हणजे जगाच्या ठराविक भागातल्या यंत्रांवरच चालण्याची अट, नसते, त्यामुळे त्या भारतात विकत घेतलेल्या यंत्रावर चालतात. ब्लू-रे तबकड्या मात्र अमेरिकेचा समावेश असलेल्या ‘ए’ प्रदेशासाठी आहेत आणि भारत ‘सी’ प्रदेशात मोडतो. म्हणजे स्वस्त पडतो म्हणून नुसता ब्लू-रे संच मागवला आणि घरचे यंत्र इथले असले, तर पडद्यावर एक सूचना दिसेल आणि दुसरे काही दिसणार नाही. माझ्याकडे ४केचा संच असल्याने चित्रपट घरी पाहता आले, पण मुलाखतींसारख्या पुरवण्या ज्या ब्लू-रेवर आहेत त्या पाहण्यासाठी कोथरूडला मेहुण्यांकडे जावे लागले, कारण त्यांचे यंत्र सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालवते. किमतीविषयी एवढेच सांगतो की तेवढ्या पैशांत चांगला मिक्सर आला असता, आणि हे आमच्या घरात मला एकदा नव्हे, अनेकदा सांगण्यात आले आहे.

स्कॉट यांचे आयुष्य हिशेबाच्या माणसाला विशेष आवडावे असे आहे, आणि मी आयुष्यभर हिशेबतपासणीच केली. जन्म २३ जानेवारी १८९८, व्हर्जिनियातला. बालपण गेले नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात, सुखवस्तू घरात. वडील कापडउद्योगाशी संबंधित आणि हिशेबशास्त्रातले जाणकार. पहिल्या महायुद्धात मुलगा फ्रान्समध्ये तोफखान्यात लढून आला. महाविद्यालयात अमेरिकन फुटबॉल खेळताना पाठ दुखावली, तेव्हा त्या खेळाचे स्वप्न सुटले. पुढे कापडनिर्मितीचे शिक्षणही अर्धवट सोडून त्यांनी वडिलांच्या कंपनीत हिशेबाचे काम धरले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस, वडिलांनी चित्रपटनिर्माते हॉवर्ड ह्यूज यांच्या नावे दिलेली ओळखीची चिठ्ठी खिशात घेऊन हा तरुण कॅलिफोर्नियाला गेला. सुरुवात गर्दीतल्या भूमिकांपासून झाली. १९२९ सालच्या ‘द व्हर्जिनियन’ या बोलपटासाठी त्यांना मिळालेले काम पडद्यामागचे होते: नायक गॅरी कूपर यांना व्हर्जिनियाचे उच्चार शिकवण्याचे. पुढे ज्या प्रकारच्या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले, त्या प्रकारात ते असे शिकवणीच्या दाराने शिरले.

१९३०च्या दशकात पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने त्यांना झेन ग्रे यांच्या कथांवरच्या स्वस्त काऊबॉयपटांत घातले. त्या चित्रपटांत जुन्या मूकपटांतली दृश्ये तशीच पुन्हा वापरली जात, म्हणून स्कॉट यांना मूकपटातल्या जॅक होल्ट या नटासारखे दिसावे लागे; केस गडद करून आणि मिशी लावून ते दुसऱ्याच्या जुन्या दृश्यांत नीट बसवले जात. कंपनीच्या काटकसरीचा हा धडा त्यांनी मनात टिपून ठेवला असावा, असे मला पुढचे पाहून वाटते. त्या दशकात ते फ्रेड अस्टेअर यांच्या नृत्यपटांत दिसले, १९३६च्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये नायक झाले, कॅरी ग्रँट यांच्याबरोबर काही वर्षे एकाच घरात राहिले, युद्धाच्या काळात जॉन वेन आणि मार्लीन डीट्रिच यांच्याबरोबर दोन चित्रपट केले. यातले बरेचसे चांगले आहे, पण त्यात स्कॉट नसते तरी फारसे बिघडले नसते. देखणा, सहा फुटांहून उंच, सभ्य माणूस, एवढेच त्यांच्याविषयी तोवर म्हणता आले असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी एक निर्णय घेतला आणि तो निवृत्तीपर्यंत पाळला: यापुढे फक्त काऊबॉयपट. निर्माते हॅरी जो ब्राऊन यांच्याशी त्यांनी भागीदारी केली, आणि ‘रँडॉल्फ’चा आरंभ व ‘ब्राऊन’चा शेवट जोडून ‘रॅनाऊन’ हे नाव पुढे आले. म्हणजे नट आणि मालक एकच. १९५० ते १९५३ अशी सलग चार वर्षे अमेरिकी चित्रपटगृहचालकांच्या मतदानात त्यांचे नाव पहिल्या दहा लोकप्रिय कलावंतांत होते. बेटिकर यांची गाठ पडली ती त्यानंतर आणि जवळजवळ योगायोगाने. जॉन वेन यांच्या कंपनीसाठी बर्ट केनेडी यांनी एक पटकथा लिहिली होती. वेन स्वतः ‘द सर्चर्स’मध्ये अडकलेले असल्याने भूमिका स्कॉट यांच्याकडे आली. १९५६चा तो चित्रपट ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’. त्यानंतर स्कॉट यांनी बेटिकर यांना आपल्या भागीदारीत ओढले, केनेडीही आले, आणि १९५७ ते १९६० या काळात या संचातले पाच चित्रपट प्रदर्शित झाले. यांतल्या पहिल्या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी स्कॉट यांचे वय ५८ होते आणि शेवटचा प्रदर्शित झाला तेव्हा ६२.

चित्रपट लांबीने ७३ ते ८० मिनिटांचे आहेत. चित्रीकरणाला दोन-तीन आठवड्यांहून अधिक वेळ दिलेला नाही. पाचांपैकी तीन चित्रपट कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाजवळच्या टेकड्यांत घेतले आहेत. तिथले गोल झिजलेले ग्रॅनाइटचे धोंडे हंपीला जाऊन आलेल्या माणसाला लगेच ओळखीचे वाटतील. फरक इतकाच की मागे विरूपाक्षाच्या गोपुराऐवजी सिएरा नेवाडाची शिखरे दिसतात. घोडाही बहुधा तोच, फिकट आयाळीचा, स्टारडस्ट नावाचा. कथाही थोड्याफार फरकाने तीच: एकटा माणूस, मागे गमावलेली बायको, वाटेत भेटलेली दुसऱ्याची बायको, आणि बरोबर चालणारा एक बोलका, हुशार गुंड, ज्याच्याशी शेवटी सामना अटळ आहे. तिसऱ्या चित्रपटाला आमच्या सौभाग्यवतींनी ‘अहो, हा आपण पाहिला नाही का?’ असे विचारले, तेव्हा मेहुणे म्हणाले, ‘ताई, दर डिसेंबरात सवाईला तू तोच मारवा ऐकतेस की.’ ताईंचे समाधान झाले नाही, पण मुद्दा बरोबर होता.

‘द टॉल टी’ हा या पाचांतला माझ्या मते सर्वोत्तम चित्रपट. एल्मोर लेनर्ड यांच्या कथेवरून केनेडी यांनी पटकथा लिहिली आहे. सुरुवातीची वीस मिनिटे जवळजवळ विनोदी आहेत. पॅट ब्रेनन हा स्कॉट यांचा नायक बैलावर बसून दाखवण्याच्या पैजेत आपला घोडा हरतो, पाण्याच्या हौदात पडतो आणि खोगीर खांद्यावर टाकून पायी घरी निघतो. वाटेतल्या चौकीवरच्या लहान मुलासाठी त्याने गोळ्या विकत घेतलेल्या आहेत. चौकीवर पोचल्यावर कळते की तो मुलगा आणि त्याचे वडील मारले गेले आहेत आणि प्रेते विहिरीत टाकली आहेत. हे आपल्याला दाखवले जात नाही, नुसते सांगितले जाते, आणि त्या क्षणी स्कॉट यांच्या चेहऱ्यावर काय होते हे पाहण्यासाठी मी ते दृश्य पुन्हा लावले. जवळजवळ काहीच होत नाही. जबडा किंचित घट्ट होतो, नजर विहिरीकडे जाते आणि परत येते. सहा दशके नाटके-चित्रपट पाहताना हुंदके, थरथर आणि कपाळावर मारलेले हात इतके पाहिले आहेत, की दुःखाच्या खात्यात नटाने इतके थोडे खर्च करावे आणि तरी आपल्या पोटात खड्डा पडावा, याचे मला फार नवल वाटले.

या काटकसरीचे महत्त्व समोरच्या गुंडामुळे उमगते. रिचर्ड बून यांचा फ्रँक अशर हा खुनी आहे, पण आपल्या दोन पोरकट, निर्बुद्ध साथीदारांना कंटाळलेला आहे, आणि ब्रेननला जिवंत ठेवण्याचे त्याचे खरे कारण एवढेच की त्याला बोलायला माणूस हवा आहे. रात्री शेकोटीजवळ हा माणूस आपल्याला जमीन हवी, घर हवे, असे बोलत राहतो, आणि स्कॉट ऐकत राहतात. तमाशाच्या फडातल्या सवाल-जवाबात जवाब देणाऱ्याने मुद्दाम गप्प राहून सवाल करणाऱ्यालाच उघडे पाडावे, तसा हा प्रकार आहे. गुंडाच्या भूमिकेतल्या नटाला भरपूर जागा द्यायची, चांगली वाक्ये त्याच्या वाट्याला जाऊ द्यायची आणि आपण मागे राहायचे, हे पैसे स्वतःचे गुंतलेले असताना करणारा नायक आपल्याकडच्या नटमालकांत मला तरी सहज आठवत नाही. एका दृश्यात ब्रेनन झोपडीच्या ठेंगण्या छताला डोके आपटतो आणि अशर मनापासून हसतो. नायकाची ती फजिती ठेवली आहे म्हणूनच त्या दोघांमधले नाते खरे वाटते.

‘डिसिजन ॲट सनडाऊन’ हा संचातला सर्वांत कडवट आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला चित्रपट, आणि स्कॉट यांच्या अभिनयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत धाडसी. यात ते बार्ट ॲलिसन नावाच्या सूडाने पेटलेल्या माणसाची भूमिका करतात. त्याच्या पत्नीने आत्महत्या केलेली आहे, आणि ज्याला तो त्याबद्दल दोषी धरतो त्या माणसाच्या लग्नाच्याच दिवशी तो गावात येतो. हळूहळू गावाला, मित्राला आणि आपल्याला कळते की ती पत्नी त्याने मनात जपलेल्या मूर्तीसारखी नव्हती. हे मित्राला ठाऊक होते, फक्त ॲलिसनला ऐकायचे नव्हते. इतर चित्रपटांत जे मौन प्रतिष्ठेचे वाटते, तेच इथे हटवादीपणाचे दिसते. शेवटी गाव त्याला मुक्तिदाता मानू लागते आणि तो दारूच्या नशेत, संतापलेला, हरलेला असा गावाबाहेर निघतो. आपल्याच प्रतिमेवर मालकाने केलेला असा खर्च या संचात दुसरा नाही. कथानक तबेल्यात कोंडून घेतल्यामुळे मधला भाग रेंगाळतो, हे मान्य करून मी हे म्हणतो.

‘ब्यूकॅनन राइड्स अलोन’वर फार लिहिण्यासारखे नाही. सरहद्दीवरचे एक गाव, सगळ्या सत्तेवर एकाच घराण्याची मांड, आणि तिथे खोली, जेवण, दारू, काहीही मागा, दर दहा डॉलर. ही थट्टा पहिल्यांदा गमतीची वाटते. स्कॉट इथे बहुतेक वेळ हसतमुख आहेत आणि ते त्यांना शोभतेही, पण पटकथा गोंधळलेली आहे; कोण कोणाच्या ताब्यातून सुटला आणि पुन्हा कोणाच्या ताब्यात गेला याचा हिशेब मी दुसऱ्या वेळी कागदावर मांडला, तरी जुळला नाही.

शेवटचे दोन, ‘राइड लोनसम’ (१९५९) आणि ‘कोमँची स्टेशन’ (१९६०), सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी केलेले आहेत, आणि ४केचा खरा उपयोग तिथे होतो. छायालेखक चार्ल्स लॉटन धाकटे यांनी घोडेस्वारांची रांग त्या धोंड्यांमधून ज्या अंतरावरून दाखवली आहे, ते अंतर लहान पडद्यावर नाहीसे होते. ‘राइड लोनसम’मध्ये बेन ब्रिगेड एका तरुण खुन्याला पकडून कोर्टाकडे नेतो आहे, पण मुद्दाम सावकाश, उघड्या वाटेने. त्याला तो पोरगा नकोच आहे. त्याच्या मागे येणारा मोठा भाऊ हवा आहे. हा भाऊ म्हणजे ली व्हॅन क्लीफ. सत्तरच्या दशकात अलका टॉकीजला इटालियन काऊबॉयपट पाहणाऱ्या आमच्या पिढीला ते डोळे विसरणे शक्य नाही. इथे ते फार थोडा वेळ आहेत, आणि ब्रिगेडच्या पत्नीबाबत केलेले कृत्य आपण विसरूनही गेलो होतो असे त्यांचे पात्र सहजपणे म्हणून जाते. ज्या गोष्टीवर एका माणसाने आयुष्य गहाण ठेवले ती दुसऱ्याच्या आठवणीतही नाही. जेम्स कोबर्न यांचा हा पहिलाच चित्रपट, आणि त्यांच्या हाडकुळ्या, अवघडलेल्या पात्राला मिळालेले छोटे-छोटे विनोद गोड आहेत. शेवटच्या जळत्या झाडाच्या दृश्याविषयी काही सांगत नाही. ते दृश्य घरातले दिवे मालवून पाहावे.

‘कोमँची स्टेशन’चा जेफरसन कोडी दहा वर्षांपूर्वी पळवल्या गेलेल्या आपल्या पत्नीला शोधतो आहे आणि त्या शोधात दुसऱ्याच बाईला सोडवून आणतो. पहिल्या दृश्यात तो त्या धोंड्यांमधून खाली येतो आणि शेवटच्या दृश्यात त्यांच्यातच परत जातो. मधल्या सव्वा तासात स्कॉट यांच्या तोंडी असलेली वाक्ये मी मोजली नाहीत, पण पुष्कळ कमी आहेत. पाच चित्रपट लागोपाठ पाहिले तर वाक्ये घटत जातात आणि सुरकुत्या वाढत जातात, आणि दुसऱ्या गोष्टीने पहिलीची भरपाई केलेली दिसते. हा अनुभव सुटा एखादा चित्रपट पाहून येणार नाही, म्हणून संच.

काटकसर जिथे चिक्कूपणा होते ती जागाही सांगितली पाहिजे. ज्यांच्या नावावर शेवटचा चित्रपट आहे त्या कोमँची लोकांना यात चेहरा नाही, आवाज नाही. कथानकाला गती हवी असली की ते टेकडीवर उगवतात आणि बाण सोडून नाहीसे होतात. एका खुनी गुंडाला घराचे स्वप्न देणाऱ्या लेखक-दिग्दर्शकांना हे जमले नसते असे नाही. स्त्रियांचेही थोडेफार तसेच. ‘द टॉल टी’मध्ये मॉरीन ओसलिव्हन यांना नवऱ्याने सोडून दिलेल्या, अपमानित बाईची एक खरी भूमिका मिळाली आहे, नंतरच्या नायिका बहुतेक वेळ कॉफी गाळताना दिसतात.

चित्रे स्वच्छ आहेत, पण अति घासूनपुसून गुळगुळीत केलेली नाहीत. धुळीचा कण कण दिसतो आणि फिल्मचा पोत राहिला आहे. ध्वनी जुना, एकमार्गी, ठणठणीत. इंग्रजी उपशीर्षके आहेत आणि स्कॉट यांच्या दक्षिणी, लांबवलेल्या उच्चारांसाठी ती लागतातच. पुरवण्यांपैकी समीक्षक फरान स्मिथ नेहमे यांचा स्कॉट यांच्यावरचा कार्यक्रम सर्वांत आधी पाहावा. ‘द टॉल टी’वरचे जनीन बेसिंजर यांचे, चित्रपट चालू असतानाच ऐकायचे समालोचन विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या थाटाचे आहे आणि ते मला आवडले, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या परिसरात ज्यांनी रसास्वादाची व्याख्याने ऐकली आहेत त्यांना तो थाट ओळखीचा वाटेल. समालोचन मात्र पाचपैकी तीनच चित्रपटांना आहे, आणि ‘डिसिजन ॲट सनडाऊन’सारख्या, ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती त्या चित्रपटाला नाही. बेटिकर यांच्या मुलाखती भरपूर आहेत. ते तरुणपणी मेक्सिकोत बैलझुंज शिकले होते आणि ती ऐट त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होती. स्कॉट यांच्याविषयी ते आदराने बोलतात.

संचातली मोठी उणीव म्हणजे ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ यात नाही. तो दुसऱ्या कंपनीचा चित्रपट असल्याने कारण समजण्यासारखे आहे, पण ज्या चित्रपटाने ही जोडी जमली तो वगळून ही कथा मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते. तो वेगळा मिळवावा आणि आधी पाहावा. त्यानंतर ‘द टॉल टी’, मग ‘राइड लोनसम’, मग ‘डिसिजन ॲट सनडाऊन’, आणि ‘कोमँची स्टेशन’ शेवटी. ‘ब्यूकॅनन’ एखाद्या पावसाळी रविवारी, भजी खाताना. हे सगळे झाल्यावर उत्साह उरला तर सॅम पेकिनपा यांचा १९६२चा ‘राइड द हाय कंट्री’ पाहावा. तोही या संचात नाही. त्यात जोएल मॅक्रे यांच्याबरोबर स्कॉट एका म्हाताऱ्या, मोहात पडलेल्या माणसाच्या भूमिकेत आहेत. तो चित्रपट पूर्ण करून, ६४व्या वर्षी, नाव आणि पैसा दोन्ही शाबूत असताना त्यांनी काम थांबवले आणि २ मार्च १९८७ रोजी, ८९व्या वर्षी निधन होईपर्यंत ते पुन्हा पडद्यावर आले नाहीत.

४केचा संच घेण्याची माझी शिफारस आहे. नुसता ब्लू-रे संच मात्र घरचे यंत्र तपासल्याशिवाय मागवू नये. माझा संच सध्या कोथरूडला आहे. मेहुणे ‘राइड लोनसम’ पुन्हा पाहतो म्हणून ठेवून घेऊन बसले आहेत.